आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : ‘दुर्मीळ’ म्हणून निकाली काढलेली तक्रार

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

परवा रात्री नऊला मी बायकोच्या छातीतल्या नळीला पोषणाची पिशवी जोडत होतो. हात धुतलेले, तोंडाला मास्क. मोबाइल वाजला, तो मुलीने वाचून दाखवला : ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ बायकोच्या आतड्याचं रक्त तुटलं, आणि ते ओळखून ऑपरेशन व्हायला सोळा तास लागले, ही ती तक्रार. सोबतच्या पत्रात कारण दिलं होतं : ‘सदर आजार अतिशय दुर्मीळ स्वरूपाचा असल्याने निदानास विलंब झाला.’ जानेवारीत मात्र याच तक्रारीवर मला लेखी कळवलं होतं की रात्रीच्या सीटी स्कॅनची सोय तीन महिन्यांत होईल. त्याबद्दल परवाच्या पत्रात एक अक्षर नाही. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

नाशिकपासून पस्तीस किलोमीटरवर आमचं गाव, द्राक्षाची दोन एकर बाग. बायकोच्या हृदयाची एक झडप लहानपणच्या तापाने आकसलेली, ठोके अनियमित. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती. ती किती घ्यायची हे ठरवणारी रक्ताची तपासणी तालुक्याला होत नाही, त्यासाठी शहरात यावं लागतं. ऑक्टोबरात छाटणीच्या धांदलीत ती दोन महिने राहून गेली. तेवढी चूक माझी, ती मी कुणावर ढकलत नाही.

त्या रात्री सव्वानऊला तिच्या पोटात कळ उठली. दोन बाळंतपणं दात आवळून काढलेली बाई ओट्यावर लोळत होती. दहाला तालुक्याच्या रुग्णालयात पोचलो. ‘पोट मऊ आहे, गॅस धरलाय,’ म्हणाले आणि इंजेक्शन दिलं. झडपेचा कागद मी पुढे केला, तो कुणी उलगडला नाही. पहाटे चारला गाडी मिळाली. शहरात पोचलो तर सीटीचं दार बंद, माणूस दहाला येणार. रिपोर्ट बाराला, ऑपरेशन दीडला. सोळा तास.

नंतर मला कळलं की असह्य कळ आणि हाताला मऊ लागणारं पोट, हीच या दुखण्याची खूण आहे. हृदयातली गुठळी लहान आतड्याच्या मुख्य धमनीत अडकते. रक्त पूर्ण तुटलं तर सहा तासांच्या आसपास आतडं मरायला लागतं. पोट लाकडासारखं कडक होतं तोवर उशीर झालेला असतो. साधा एक्स-रे सुरुवातीला काही दाखवत नाही. रक्तवाहिन्यांचा सीटी काढला तरच दिसतं, आणि वेळेत दिसलं तर गुठळी काढून आतडं वाचवता येतं.

सर्जननी मला ट्रे दाखवला. पिकल्या जांभळाच्या रंगाचं, फुगलेलं, चकाकी गेलेलं आतडं, आणि तो वास. माणसाचं लहान आतडं साधारण सहा मीटर असतं. हिचं ६५ सेंटिमीटर उरलं. घरी येऊन मी शिवणाची टेप लावून बघितली. उंबऱ्यापासून दाराच्या कडीपर्यंतही ती पोचली नाही. आता जेवण अंगी लागत नाही. आठवड्यातून तीन रात्री पिशवी, एकीला साडेचार हजार. ऑपरेशन सरकारी आरोग्य योजनेत बसलं, घरच्या पिशव्या बसत नाहीत असं आम्हाला सांगण्यात आलं. एक एकर बाग त्यात गेली.

आणि तुम्ही म्हणता दुर्मीळ! रुग्णालयात दाखल होणाऱ्या हजारात साधारण एकाला हे होतं म्हणतात, आणि त्यातले निम्म्याहून जास्त दगावतात. बरं, हे दुर्मीळ. आतड्याला पीळ पडणं, पोटातल्या पोटात आतडं फटीत अडकणं, मोठ्या माणसाच्या आतड्यात आतडं शिरणं, आतड्याला जन्मापासून असलेली पिशवी फुटणं, क्षयाने आतडं आवळणं, टायफॉइडने भोक पडणं, कंबरदुखीच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाऊन आत जखमा होणं. यातलं बरंचसं तुमच्या कागदावर दुर्मीळच असेल. पण सगळे येतात एकाच दारातून : रात्री पोट दुखतंय म्हणून. सगळ्यांना लागतं तेच, वेळेवर सीटी आणि जागा सर्जन. एकेक दुर्मीळ म्हणून बाजूला सारलंत तर शेवटी उरतो फक्त गॅस.

ज्या नाशकात अख्ख्या राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, त्याच जिल्ह्यात रात्री सीटी काढायला माणूस मिळत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की राज्यांनी २०२० पर्यंत अंदाजपत्रकातला आठ टक्क्यांहून जास्त वाटा आरोग्यावर घालावा. आपलं राज्य त्याच्या जवळपासही नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी पैसा आहे, तारखा आहेत, आढावा बैठका आहेत. गोदावरीत डुबकी मारायला येणाऱ्याची सोय जरूर करा, माझी ना नाही. पण त्यातल्या एखाद्याच्या पोटात रात्री कळ उठली तर त्यालाही तुम्ही दहापर्यंत थांबवणार का? निवडणुकीला गावात पाच पाच गाड्या येतात, पेशंटला एक यायला पहाट होते. कुणाकडे दाद मागायची आम्ही?

माझं मागणं एवढंच. सीटी रात्रभर चालू ठेवा. ती रक्ताची तपासणी तालुक्याला आणा. अनियमित ठोक्यांच्या माणसाचं पोट दुखलं तर इंजेक्शन देऊन बाकावर बसवू नका. घरच्या पिशव्या योजनेत घ्या. आणि माझ्या तक्रारीवरचा ‘निकाली’ हा शब्द खोडा. ती बाई जिवंत आहे, तिचं वजन ३४ किलो आहे.

कुणाला बोलायचं असेल तर फोन रात्री नऊच्या आधी करावा. नऊनंतर माझे हात मोकळे नसतात.

आपला,
नाशिक जिल्ह्यातला एक द्राक्ष बागायतदार