टोकन देण्याआधी भोगवटा प्रमाणपत्र मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळी जवळ आली की वर्तमानपत्रांची पहिली पानं नव्या घरांच्या जाहिरातींनी भरून जातात. गेल्या रविवारी माझा पुतण्या असंच एक पान हातात घेऊन घरी आला. ‘‘काकू, आज बुकिंग केलं तर फ्लोअर राइज, म्हणजे वरच्या मजल्यासाठीचा जादा दर, माफ आहे. एक लाख टोकन देऊन टाकू का?’’ मी त्याला चहा दिला आणि कपाटातली आमच्या घराची निळी फाइल काढायला सांगितली. त्या फाइलीत जे नाही, त्याबद्दल हे पत्र आहे.

आम्ही 1999 साली डोंबिवली पूर्वेला घर घेतलं. दोघांची बचत, माझ्या फंडातून काढलेले पैसे, सासूबाईंच्या पाटल्या, सगळं त्यात गेलं. करारनामा नोंदवला, मुद्रांक शुल्क भरलं, किल्ली हातात आली, वास्तुशांत झाली. भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला सगळे ओसी म्हणतात, म्हणजे इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली आहे आणि तिथे राहायला हरकत नाही असा महापालिकेचा दाखला. हा शब्द तेव्हा आमच्या कानावरही आला नव्हता. कोणीतरी विचारलं तेव्हा बिल्डर म्हणाला, ‘‘कागद महापालिकेत आहेत, महिन्याभरात येतील.’’ तो महिना अजून उलटायचा आहे.

तीन वर्षांपूर्वी ह्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. तिसरा मजला, लिफ्ट नाही, म्हणून घर विकायचं ठरवलं. एक तरुण जोडपं आलं, घर आवडलं, 51 हजार रुपये आणि पेढे देऊन गेलं. पुढे त्यांच्या बँकेच्या वकिलीणबाईंकडे मी फाइल घेऊन गेले. त्यांनी करारनामा पाहिला, सूची क्रमांक दोन, म्हणजे करारनामा नोंदवल्याचा सरकारी उतारा, पाहिली, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट पाहिलं. शेवटच्या पानापर्यंत गेल्या, पुन्हा पहिल्यापासून चाळलं आणि विचारलं, ‘‘ओसी कुठे आहे?’’ मी घरपट्टीच्या पावत्या पुढे केल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘बाई, घरपट्टी भरली म्हणून इमारत अधिकृत होत नाही.’’ चौकशी केली तर मंजूर नकाशापेक्षा आमच्या इमारतीवर एक मजला जास्त निघाला. कर्ज नाकारलं गेलं. त्या मुलीचे डोळे भरून आले होते. पैसे आम्ही दुसऱ्याच दिवशी परत केले. हे आजही कठडा धरून तीन जिने चढतात.

आता महारेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांची नोंदणी करून त्यांच्यावर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, आहे, मग काळजी कसली, असं पुतण्याचं म्हणणं. महारेरामुळे खूप फरक पडला हे मला मान्य आहे. कार्पेट क्षेत्रफळावर, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेवर, व्यवहार करणं बिल्डरला बंधनकारक झालं. नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर दुरुस्ती बिल्डरने स्वखर्चाने करायची. पण आमच्याच कल्याण-डोंबिवलीतल्या 65 इमारतींचं काय झालं ते सगळ्यांनी वाचलं आहे. महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून महारेराचे क्रमांक मिळवले गेले, त्या क्रमांकावर भरवसा ठेवून लोकांनी घरं घेतली आणि नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्या घरांतून राहणारी माणसं आमच्यासारखीच होती हो. सकाळी लोकल पकडणारी, हप्ते भरणारी.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की बिल्डरने दाखवलेल्या झेरॉक्सवर थांबू नका. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प उघडा, तिथला बांधकाम परवानगीचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्या आणि तो कागद घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जा. ही परवानगी तुम्हीच दिली का आणि किती मजल्यांपर्यंत दिली, एवढे दोनच प्रश्न. परवानगी पुष्कळदा टप्प्याटप्प्याने मिळते. सातव्या मजल्यापर्यंत मंजुरी असताना नवव्या मजल्यावरचं घर विकायला काढलेलं असू शकतं. तोंडी उत्तर मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तराची मुदत 30 दिवसांची. साठ लाखांच्या घरासाठी महिनाभर थांबता आलं पाहिजे. ‘आजच बुक करा’ म्हणणाऱ्याची घाई ही त्याची घाई आहे, आपली नव्हे.

तयार घर घेणाऱ्यांनी तर ओसी पाहिल्याशिवाय टोकनच देऊ नये. यात पैशांचाही मोठा फरक आहे. बांधकाम चालू असलेल्या घरावर साधारणपणे पाच टक्के जीएसटी लागतो, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्यांवर एक टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतलेल्या घरावर तो लागत नाही. घर बाईच्या नावावर घेतलं तर आपल्या राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, हेही घरात बसून बोलून घ्या.

जुनं घर घेताना आणखी एक गोष्ट तपासावी. माझ्या एका मैत्रिणीने वडिलांनंतर मुलाच्या नावावर आलेलं घर पसंत केलं होतं. सोसायटीच्या दप्तरी त्याचं नाव होतं, पण ते नामनिर्देशनामुळे लागलेलं. त्याच्या दोन बहिणींचाही त्या घरावर हक्क होता आणि त्यांना विक्रीची कल्पनाच नव्हती. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सगळ्या वारसांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र, आणि पहिल्या करारनाम्यापासूनची सगळी मूळ कागदपत्रं बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. हे काम आपल्या स्वतःच्या वकिलाकडून करून घ्या. बँकेचा वकील बँकेचं हित पाहतो आणि बिल्डरचा बिल्डरचं.

संपादक महाशय, आपल्याला एक विनंती आहे. घरांच्या पुरवणीत स्वयंपाकघरांच्या आणि गच्च्यांच्या छायाचित्रांशेजारी एक चौकट छापा. तिच्यात माहिती अधिकाराच्या अर्जाचा मराठी नमुना द्या, कापून थेट वापरता येईल असा. आमच्यासारख्यांना नगररचना विभागाच्या खिडकीसमोर काय विचारायचं हेच सुचत नाही.

पुतण्याने टोकन दिलेलं नाही. सोमवारी दहा वाजता आम्ही दोघं महापालिकेत जाणार आहोत. निळी फाइलही सोबत घेतेय, आमच्या इमारतीचंही विचारायचं आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, डोंबिवली (पूर्व)