फासावरच्या माणसाची धून बेसूर नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॅनडाच्या लोकसंगीतावरील आपल्या रविवार पुरवणीतील लेखात ‘रील द्यू पाँद्यू’ या क्वेबेकमधील धुनेचे वर्णन ‘बेसूर व्हायोलिनवर वाजणारी जुनी फ्रेंच धून’ असे केले आहे. लेख वाचनीय आहे. पण ‘बेसूर’ आणि ‘फ्रेंच’ या दोन्ही शब्दांना माझी हरकत आहे.

‘पाँद्यू’ म्हणजे फासावर लटकवलेला. दंतकथा अशी की, फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याच्या हाती फिडल (लोकसंगीतात व्हायोलिनला हेच म्हणतात) देऊन, ‘यावर धून वाजवलीस तर सुटशील’ असे त्याला सांगण्यात आले. त्याने कधी गज हाती धरलाच नव्हता असे कोणी सांगतात, तर वाद्य मुद्दाम बिघडवून दिले होते असे कोणी. मोकळ्या तारा चाचपडता चाचपडता त्याला धून सापडली आणि तो वाचला. (स्कॉटलंडमधील जेम्स मॅकफर्सनचे नशीब एवढे चांगले नव्हते, फाशीपूर्वी त्यानेही फिडल वाजवले अशी आख्यायिका आहे, पण 1700 साली बॅन्फमध्ये त्याला फाशी झालीच.) लेखकाने कैद्याचे बिघडलेले फिडल जसेच्या तसे आजच्या वादकाच्या हाती दिलेले दिसते.

प्रत्यक्षात वादक तारा हेतुपूर्वक वेगळ्या लावतो. नेहमीच्या जुळणीत खर्जाकडून वर सोल, रे, ला, मी असे (पाश्चात्त्य) स्वर असतात. या धुनेसाठी खालच्या दोन तारा एकेक स्वर चढवून ला आणि मी करतात, तिसरी तशीच राहते आणि सर्वांत वरची तीव्र ‘दो’पर्यंत उतरवतात. ‘ला’ला षड्ज मानले, तर मोकळ्या तारा सा, प, सा, ग अशा बोलतात. हे बेसूरपण कसे? उलट, गज जवळच्या तारेला लागला तरी तिथे जुळणारा स्वरच सापडतो आणि एकटे फिडल भरीव वाजते. माझ्या मते कथेतील चाचपडणे म्हणजे या अनोळखी जुळणीचे लोकांनी आपल्या परीने लावलेले स्पष्टीकरण असावे.

आता ‘फ्रेंच’बद्दल. रील हा मुळात स्कॉटिश नृत्यप्रकार आहे. 1763 च्या पॅरिस तहाने न्यू फ्रान्स ही फ्रेंच वसाहत (क्वेबेक तिचाच भाग) ब्रिटनकडे गेल्यावर स्कॉटिश सैनिक व वसाहतकार आणि पुढे आयरिश स्थलांतरित यांच्याबरोबर तो तिथे रुजला. क्वेबेकने त्याला स्वतःचे वळण दिले: वादक खुर्चीत बसून दोन्ही पावलांनी, टाच आणि चवडा आपटत, अखंड ताल धरतो, आणि धुनेला हवे तिथे आवर्तनात एखादी मात्रा बेलाशक वाढवतो किंवा गाळतो. ही धून गाजवणारे झाँ कारिन्याँ (1916–1988) यांनी वर्षानुवर्षे माँट्रियालमध्ये टॅक्सी चालवली. क्वेबेकच्याच जोझेफ आलार यांच्याकडे ते शिकले. शिवाय आयर्लंडचे मायकेल कोलमन आणि स्कॉटलंडचे जेम्स स्कॉट स्किनर या फिडलवादकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांनी त्या वादनशैलीही आत्मसात केल्या. अशा वादकाच्या धुनेला नुसती ‘फ्रेंच’ म्हणणे अपुरे आहे.

पुढील पुरवणीत निदान ‘बेसूर’ या शब्दाची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक