सुभेदार साहेब, ती झेरॉक्स मी जपून ठेवली आहे

आदरणीय सुभेदार साहेब,

शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला होता. म्हणाली, "अगं, सुभेदार भाऊ आता ऑफिसातनंही निवृत्त झाले." आधी फौजेतून आणि आता जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून. निरोपाचा कार्यक्रम झाला असेल, शाल-श्रीफळ दिलं असेल. मी पुण्यात होते, येता आलं नाही, याची रुखरुख लागून राहिली. म्हणून हे पत्र. ते सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दामच लिहिते आहे. तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते आणखी चार घरांना कळलं, तर तुम्हाला त्याचाच जास्त आनंद होईल. तुमचं नाव मात्र घालत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही.

पप्पा २०१६ साली हवालदार म्हणून पेन्शनवर आले. बावीस वर्षांची नोकरी. माण तालुक्यातल्या आमच्या रानात विहीर पाडायची, शेळ्या वाढवायच्या, आम्हा दोघांना शिकवायचं, असं सगळं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये एका पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. मी अकरावीत होते, धाकटा भाऊ सातवीत.

तुम्ही आमच्या घरी आलात तेव्हा महिनाही झाला नव्हता. आईनं तुम्हाला बोलावलं नव्हतं. असं बोलावता येतं हेच तिला ठाऊक नव्हतं. सातारा जिल्हा फौजींचा म्हणतात. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे, तिथं पोराटोरांनाही डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतल्या नोकरीच्या आणि घरच्यांच्या नोंदींचं पुस्तक, काय असतं ते सांगता येतं. आमच्या वाडीत मात्र तेव्हा फौजी दोनच घरं, आणि दुसऱ्या घरचे काका अजून सीमेवर. फौजेतल्या माणसाच्या माघारी घरच्यांनी कुठं जायचं, कुणाला विचारायचं, हे सांगणारं कोणी नव्हतं. तालुक्याच्या गावी, दहिवडीला, तुमच्या महिन्याच्या दौऱ्यात कोणीतरी पप्पांचं नाव काढलं आणि तुम्ही तिथून थेट आमच्या दारात आलात.

ओसरीवर बसून तुम्ही चहा घेतला, पप्पांच्या फोटोला हात जोडले आणि आईला म्हणालात, "वहिनी, हवालदार साहेबांची ट्रंक कुठाय?"

ती काळी ट्रंक आईनं तोवर उघडली नव्हती. वर पांढऱ्या रंगात पप्पांचा नंबर, हुद्दा आणि नाव. तुम्ही स्वतः झाकण उघडलं नाही. आईला म्हणालात, "तुम्हीच उघडा." आत वरच गणवेशाची घडी होती. ती बाजूला काढताना आई रडायला लागली आणि तुम्ही खाली मान घालून बसून राहिलात, घाई केली नाही. मग एकेक कागद बाहेर आला. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ म्हणजे मंजुरीचा आदेश, माजी सैनिकाचं ओळखपत्र, कॅन्टीनचं कार्ड, माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं, ईसीएचएसचं कार्ड. तुम्ही जमिनीवर तीन ढीग लावलेत. एक आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा, एक भावाचा, एक माझा. माझा ढीग म्हणजे दोनच कागद होते, डिस्चार्ज बुक आणि माझं दहावीचं सर्टिफिकेट. दोन्ही शेजारी शेजारी धरून तुम्ही कितीतरी वेळ बघत होतात.

पप्पांच्या डिस्चार्ज बुकात माझी जन्मतारीख १९ ऑगस्ट २००२ होती आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर १ जून २००२.

आमच्या पिढीपर्यंत खेड्यातली कितीतरी मुलं एक जूनलाच जन्मली आहेत. पहिलीत घालताना माझं वय अडीच महिन्यांनी कमी पडत होतं. वर्ष वाया जायला नको म्हणून गुरुजींनी प्रेमानं एक जून लिहून टाकलं. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. तुम्हाला मात्र त्या अडीच महिन्यांत पुढचं सगळं दिसलं. बारावीनंतर इंजिनिअरिंगला माजी सैनिकाची मुलगी म्हणून अर्ज केला, की कागद पडताळणार. माजी सैनिकांच्या मुलांसाठीच्या पंतप्रधान शिष्यवृत्तीला अर्ज केला, की पुन्हा पडताळणार. फौजेच्या नोंदीतली मुलगी एक आणि शाळेतली दुसरी, असं दिसलं की अर्ज परत. तुम्ही बोटांवर मोजलंत आणि म्हणालात, "अजून दीड वर्ष आहे. आज सुरुवात केली तर होईल."

साहेब, मला आभार मानायचे आहेत ते मुख्यतः या वाक्याचे. ऐन वेळी धावून येणारी माणसं मी पुढे पाहिली. दीड वर्ष आधी कागद वाचून, अजून न आलेली अडचण दूर करायला बसलेले फक्त तुम्हीच.

त्यानंतरचं आठवलं तरी दमायला होतं. तहसील कचेरीत आईचं प्रतिज्ञापत्र, शाळेचा दाखला, ग्रामपंचायतीचा जन्माचा उतारा, दहावीच्या सर्टिफिकेटची सत्यप्रत, अर्ज. फौजेच्या नोंदीतली तारीख बदलून घ्यायला सगळं तुमच्या कार्यालयामार्फत फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला गेलं. चार महिन्यांनी परत आलं, एका कागदावर सही राहिली म्हणून. आईचा धीर सुटला. दहिवडीहून साताऱ्याला एसटीनं जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, वर एक रोज बुडतो. एका ठिकाणी तर, "आता बारावी झाली की लग्नच करणार ना पोरीचं, कशाला एवढी धडपड," असंही तिला ऐकून घ्यावं लागलं. त्या दिवशी ती घरी येऊन गप्प बसली. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही एवढंच म्हणालात, "वहिनींना सांग, पुढच्या बुधवारी मी दहिवडीला आहे. साताऱ्याला यायची गरज नाही. सही तिथंच घेतो." आणि खरोखर घेतलीत, पंचायत समितीच्या व्हरांड्यात, तुमच्या मांडीवर फाईल ठेवून.

दुसऱ्यांदा मूळ डिस्चार्ज बुकच पाठवायचं होतं. पाकिटात घालण्याआधी तुम्ही मला समोरच्या दुकानात धाडलंत. "ते पान झेरॉक्स करून आण." मला वाटलं, फाईलला लागत असेल. मी दोन प्रती आणल्या. एक तुम्ही फाईलला लावलीत आणि दुसरी माझ्या हातात दिलीत. "ही तू ठेव. आता तिथं एक जून लागणार. ही तारीख तुझ्या बापानं सांगून लिहून घेतलेली आहे."

माझा जन्म झाला तेव्हा पप्पा सीमेवर होते. चिठ्ठी पोचायला वेळ लागला, मग त्यांनी कंपनीच्या क्लार्ककडे जाऊन माझी नोंद करून घेतली. सगळ्या कागदांत माझी खरी जन्मतारीख लिहिलेला त्यांच्या बाजूचा तो एकच कागद. तुमच्याही ते लक्षात आलं होतं, हे मला त्या वेळी कळलं नाही. हॉस्टेलवर पहिल्या वर्षी कधीतरी रात्री उमगलं.

दुरुस्तीचं पत्र फेब्रुवारी २०२० मध्ये आलं. महिन्याभरात देश बंद झाला. तुम्ही दीड वर्ष आधी सुरुवात केली नसती तर मी कुठे असते, हा विचारही मला करवत नाही.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून जरा सविस्तर लिहिते. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या प्रवेशात संरक्षण दलातल्यांच्या मुलांसाठी ५ टक्के जागा असतात. त्यात महाराष्ट्रातल्या माजी सैनिकांच्या मुलांचा गट वेगळा, सध्या नोकरीत असलेल्यांच्या मुलांचा वेगळा. माजी सैनिकांच्या मुलांच्या गटातून मला कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळाली. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना केंद्रीय सैनिक बोर्ड चालवतं. दर वर्षी ५,५०० जणांना नव्यानं मिळते, निम्मी मुलं, निम्म्या मुली. मुलींना महिन्याला ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये, वर्षाचे एकदम खात्यावर. बारावीला किमान ६० टक्के हवेत. मात्र ६० टक्के म्हणजे फक्त दार उघडलं, पुढे प्राधान्यक्रम आणि गुणानुक्रम लागतो. युद्धात कामी आलेल्यांच्या आणि जखमी झालेल्यांच्या घरचे आधी, आणि तेच योग्य आहे. आमच्यासारखे सर्वात शेवटच्या गटात. मला बारावीला ८९ टक्के होते, तरी यादी लागेपर्यंत धाकधूक होती. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, बीएड, बीफार्म असे व्यावसायिक अभ्यासक्रम त्यात येतात. साध्या बीए-बीएस्सीला ही शिष्यवृत्ती नाही, हे आमच्या भागात कितीजणांना अर्ज केल्यावर कळतं.

अर्ज ऑनलाइन. टाळेबंदीत तुमचं कार्यालय कधी उघडं तर कधी बंद. कॉलेजचं बोनाफाईड, बँकेचं आधार जोडल्याचं पत्र, तुमच्या कार्यालयाचा दाखला, प्रत्येक कागदाचा फोटो मी तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे आणि तुम्ही रात्री दहा वाजता उत्तर द्यायचात. "शिक्का पुसट आलाय, परत काढ." "खातं तुझ्या नावाचं आहे का बघ." कधी शाबासकी नाही, कधी रागही नाही. वर्षाला ३६,००० रुपये, चार वर्षं. त्यातून माझी मेस, पुस्तकं आणि शेवटच्या वर्षाचा लॅपटॉप झाला. दर वर्षी निदान ५० टक्क्यांनी पास व्हावं लागतं, तरच पुढचा हप्ता. निकाल लागला की तुमचा मेसेज ठरलेला, "मार्कलिस्ट चढवली का?"

भावासाठी तुम्ही रक्षामंत्री माजी सैनिक कल्याण निधीतून शिक्षण अनुदान मिळवून दिलंत. हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्याच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांपर्यंत, पहिलीपासून पदवीपर्यंत. तेव्हा ते महिन्याला १,००० होतं. वर्ग पास झाल्यावर त्या वर्षाचा अर्ज करायचा, हे आईला इतकं पाठ झालं की निकालाच्या दिवशी पेढ्याआधी ती फाईल शोधायची. नोव्हेंबर २०२५ पासून ते २,००० झालं. ती बातमी मी तुम्हाला कळवली, तर तुम्ही ती आधीच माणमधल्या किती घरांना फोन करून सांगितली होती!

आणखी एक सांगायचं राहिलं. आमच्या शेजारच्या वाडीतले एक काका सीआरपीएफमधून निवृत्त झालेले. त्यांचा मुलगा माझं बघून तुमच्याकडे आला. तुमच्या कार्यालयाचा त्याच्याशी संबंध नव्हता, केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांची शिष्यवृत्ती गृह मंत्रालयाकडून मिळते. इथे नाही म्हणून तुम्ही त्याला परत पाठवलं असतं तरी कोणी नाव ठेवलं नसतं. तुम्ही त्याला शेजारी बसवून त्याचं पोर्टल उघडून दाखवलंत.

जिल्हा परिषदेच्या शाळेत ७ डिसेंबरला, ध्वजदिनाला, गुरुजी छोटे छोटे ध्वज घेऊन यायचे. लाल, गडद निळा आणि फिकट निळा. आम्ही दोन रुपये, पाच रुपये द्यायचो आणि छातीला टाचणीनं ध्वज लावून दिवसभर मिरवायचो. पप्पा सीमेवर, त्यामुळे मी जरा जास्तच. ते पैसे कुठे जातात असं तेव्हा कधी विचारलं नाही. भावाचं अनुदान ज्या निधीतून येतं तो सशस्त्र सेना ध्वजदिन निधीचाच भाग आहे, हे तुमच्याकडून कळलं. आणि माझी शिष्यवृत्ती १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय संरक्षण निधीतून. तेव्हा बायकांनी अंगावरचं सोनं उतरवून दिलं होतं. मी चार वर्षं जेवले ते त्या परंपरेतल्या पैशावर. आता मी नोकरीला आहे, दर डिसेंबरला ध्वजदिनाला पैसे भरते. त्यात तुमचं नाव नसतं, पण भरताना तुमची आठवण येते.

या दिवाळीत घरी गेले होते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी खालच्या आळीतली एक बाई आईकडे आली, डोक्यावर पदर आणि हातात कापडी पिशवी. तिचा नवरा फौजेत नाईक होता, ऑगस्टमध्ये गेला. आई तिला म्हणाली, "पिशवी नको, ट्रंक आण." मी तिच्याबरोबर जाऊन ट्रंक घेऊन आले. तिची थोरली मुलगी नववीत आहे. मी डिस्चार्ज बुक उघडलं आणि तिच्या शाळेचा दाखला शेजारी धरला. शाळेत १ जून. पुस्तकात २७ सप्टेंबर.

मी तिला म्हटलं, "काकू, अजून साडेतीन वर्षं आहेत." पुस्तक पाठवण्याआधी त्या पानाची झेरॉक्स काढून मुलीच्या हातात दिली.

तुमच्या जागी आता जे साहेब आले आहेत ते दहिवडीला कोणत्या बुधवारी येतात, तेवढं कळवाल का? त्यांना आधी तुम्हीच फोन केलात तर बरं होईल. त्या बाईंना साताऱ्याला जाणं जमणार नाही.

तब्येतीची काळजी घ्या. काकूंना नमस्कार. आई म्हणते, आता वेळ आहे तर सवडीनं जेवायला या, फाईल न आणता.

तुमची,
एका हवालदाराची मुलगी
(जन्म १९ ऑगस्ट)