८० टेस्टच्या पॅकेजमध्ये बीपी कुठेय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी ऐरोलीत राहते, एका लॅबमध्ये ब्लड कलेक्शनचं काम करते, सकाळी लवकर निघून ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे असं घरोघरी जाऊन सॅम्पल घेते. हल्ली पेपरात, रिक्षाच्या मागे, मोबाईलवर, जिकडे बघावं तिकडे "फुल बॉडी चेकअप, ८० टेस्ट" अशा जाहिराती असतात, त्यावरूनच हे पत्र लिहायला घेतलं. कारण पुरुषमंडळी, मग तो तिशीचा आयटीवाला असो नाहीतर साठीचे काका, एकदा हे पॅकेज केलं की पुढची चार-पाच वर्षं निर्धास्त होतात, आणि ज्या गोष्टी त्यांनी नेमाने बघायला पाहिजेत त्यातल्या बऱ्याचशा त्या पॅकेजमध्ये नसतातच.

आधी त्या ८० चं सांगते. सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, ही खरं तर एकच टेस्ट, पण हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, त्यांचे पाच प्रकार, प्लेटलेट असं सगळं सुटं सुटं मोजलं की एका ट्यूबमधून वीसच्या वर आकडा होतो. कोलेस्टेरॉलचं तसंच, लिव्हरचं तसंच. रिपोर्ट बरोबरच असतात, त्यात खोटं काही नाही, पण आकडा मोठा म्हणून तपासणी मोठी असं होत नाही. बीपी रक्तात दिसत नाही, तो दंडाला पट्टा बांधूनच कळतो. तोंडातला चट्टा रक्तात दिसत नाही. पोटाचा घेर रक्तात दिसत नाही. ह्या तीन गोष्टी बघायला पैसे जवळजवळ लागतच नाहीत, म्हणून त्यांची जाहिरात कोणी करत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

घणसोलीत एका घरी गेले होते, मुलगा असेल अडतीस-चाळीसचा, एक हात माझ्याकडे दिलेला आणि दुसऱ्या हाताने लॅपटॉपवरची मीटिंग म्यूट करत होता, सुई काढून कापूस लावला तर विचारतो, "मॅडम ह्यात हार्टचं पण येतं ना?" मी म्हटलं कोलेस्टेरॉल येतं, पण सर बीपी कधी बघितलात शेवटचा? तर म्हणे "मला काही त्रासच नाही ना." त्याची बायको किचनच्या दारात उभी होती, तीच म्हणाली, लग्नाआधी कधीतरी बघितला असेल. पॅकेज पण तिनेच बुक केलेलं, बहुतेक घरांत तसंच असतं.

"काही त्रास नाही" हे वाक्य मी रोज ऐकते आणि खरा घोळ तिथेच आहे. बीपी आणि शुगर वर्षानुवर्षं काही त्रास देत नाहीत, आतल्या आत रक्तवाहिन्या, किडनी, डोळ्याचा पडदा खराब करत राहतात. आयसीएमआर ह्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा २०२३ साली आलेला अभ्यास सांगतो की देशात १०.१ कोटी लोकांना डायबेटिस आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक प्री-डायबेटिसमध्ये आहेत, म्हणजे शुगर नॉर्मलपेक्षा वर पण अजून डायबेटिसच्या खाली. ह्या दुसऱ्या गटाला जेवण-चालणं सुधारून मागे फिरायची संधी असते पण त्यासाठी आपण त्या गटात आहोत हे आधी कळायला तर पाहिजे.

आता वयाप्रमाणे सांगते, मी डॉक्टर नाही, पण बरीच वर्षं ह्या कामात आहे आणि डॉक्टर पेशंटला काय सांगतात ते रोज कानावर पडतं.

विशीतल्या मुलांना वाटतं आपला काय संबंध. वर्षातून एकदा बीपी बघायला अठराव्या वर्षापासून हरकत नाही, दोन मिनिटांचं काम आहे. दुसरं म्हणजे हिपॅटायटिस बी ह्या लिव्हरच्या आजाराची लस. ही लस सरकारी लसीकरणात देशभर यायला २०११ च्या आसपासचा काळ उजाडला, त्यामुळे आज पंचविशी-तिशीत असलेल्या कितीतरी मुलांना ती लहानपणी मिळालेली नाही, आईला फाईल शोधायला सांगा, नसेल तर सहा महिन्यांत तीन डोस होतात. हा आजार रक्तातून पसरतो, टॅटूच्या सुईपासून सलूनच्या ब्लेडपर्यंत. आणि एक गोष्ट जी घरात कोणी बोलत नाही, अंघोळ करताना अधूनमधून अंडकोष बोटांनी चाचपून बघावेत. गाठ, कडकपणा, एका बाजूचा वाढलेला आकार असं काही लागलं तर दुखत नाही म्हणून गप्प बसू नये. हा कॅन्सर जास्त करून तरुण मुलांनाच होतो आणि लवकर सापडला तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात.

तिशी-चाळिशीवर मी जास्त बोलणार आहे कारण खरं नुकसान ह्याच वयात होतं. महापे-रबाळेची शिफ्ट, रात्री अकराला जेवण, स्टेशनपासून घरापर्यंत शेअर रिक्षा, शनिवारी पार्टी. घेराचं विचारलं की सगळे पॅन्टचा साईझ सांगतात, "माझी चौतीसच आहे, कॉलेजपासून बदलली नाही." अहो पॅन्ट पोटाच्या खाली बसते, पोट तिच्यावरून बाहेर येतं! टेप धरायची ती शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड ह्यांच्या बरोबर मधे, साधारण बेंबीच्या आसपास, शर्ट वर करून, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात, म्हणजे साडेपस्तीस इंचाच्या जरा आत. त्याच्या वर गेलात तर वजनकाटा काहीही म्हणो, शुगर आणि लिपिड (म्हणजे कोलेस्टेरॉल वगैरे) बघून घ्या. हात-पाय बारीक आणि पोट तेवढं सुटलेलं अशी आपली ठेवण असते आणि तीच जास्त धोक्याची.

तोंड तर प्रत्येकाने बघावंच, तंबाखू मळणाऱ्यांनी, मावा-गुटखा खाणाऱ्यांनी (बंदी २०१२ पासून आहे पण पुड्या कुठे मिळतात ते सगळ्यांना माहितीय) आणि नुसती सुपारी खाणाऱ्यांनीसुद्धा, कारण नुसत्या सुपारीनेही कॅन्सर होतो. आपल्या देशात पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर सगळ्यात जास्त आहे. आरशासमोर चांगल्या उजेडात गालाच्या आतून, जिभेखाली, हिरड्यांवर बघायचं, पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, दोन आठवड्यांत न भरलेला छाला आहे का. मग स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघायचं. दोनच जात असतील तर तोंड उघडणं कमी झालंय, त्या दिवशीच डेंटिस्टकडे जा. तुर्भेच्या मार्केटला एका माथाडी दादांना मी हे करायला लावलं तर हसत हसत बोटं घातली आणि दीडच गेली, मग ते हसायचे थांबले. तंबाखू सोडायची असेल तर १८००११२३५६ ह्या सरकारी नंबरवर फोन फुकट आहे.

चाळिशीनंतर बरेच जण दबक्या आवाजात विचारतात, मॅडम टेस्टोस्टेरॉनची टेस्ट किती पैसे. बायको आत गेली की विचारतात. लैंगिक अडचण असेल तर तिच्यामागे पुष्कळदा शुगर, बीपी किंवा आखडलेल्या रक्तवाहिन्या असतात, आणि त्या बारीक वाहिन्यांना आधी कळतं, हृदयाचं नंतर. म्हणून जाहिरातीतली गोळी घेऊन गप्प बसू नये, डॉक्टरला मोकळेपणाने सांगावं, त्यांना त्यात नवीन काही नसतं. आणि छातीत जड वाटतंय, घाम फुटलाय, जबडा नाहीतर डावा हात दुखतोय, तर "गॅस असेल" म्हणत इनो पिऊन झोपू नये, १०८ ला फोन करावा.

पन्नाशीत प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांची मूत्राशयाखालची ग्रंथी. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, धार बारीक झालीय, हे वयाचं आहे म्हणून सोडून देतात. पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी सरसकट सगळ्यांनी करायची टेस्ट नाही, आधी डॉक्टरशी बोलून ठरवायची, कारण युरिन इन्फेक्शन असेल किंवा आदल्या एक-दोन दिवसांत संबंध आला असेल तरी आकडा वर जातो आणि माणूस उगाच घाबरतो. शौचातून रक्त जात असेल तर मूळव्याध आहे असं स्वतःच ठरवू नका, मोठ्या आतड्याचा कॅन्सरही असाच सुरू होतो.

साठीच्या पुढच्या काकांना हात जोडून एकच सांगणं, बीपी नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करू नका. गोळी चालू आहे म्हणून तो नॉर्मल आलाय. नेरूळला, वाशीला सकाळी फिरायला येणाऱ्यांत मला असे कितीतरी भेटतात, पाच किलोमीटर चालतात पण गोळी स्वतःच्या मनाने सोडलेली असते. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसीचं डॉक्टरला विचारा. रात्री बाथरूमला जाताना आधी पलंगावर मिनिटभर बसा मग उठा, पॅसेजमध्ये छोटा दिवा लावून ठेवा.

बीपी बघायची पण रीत असते, ती कोणी पाळत नाही. अर्धा तास आधी चहा-सिगारेट नाही, लघवी करून यायचं, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेकलेला, पट्टा शर्टावरून नाही तर उघड्या दंडावर, आणि बोलायचं नाही. वेगवेगळ्या दिवशी बघून १४०/९० च्या वर येत राहिला तर डॉक्टर. घरात मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे छोटा सपाट चमचा, आणि त्यात फरसाण-वेफर्स-लोणचं सगळं धरून.

आता मागणी. तिशीच्या पुढच्या सगळ्यांना बीपी, शुगर आणि तोंडाची तपासणी सरकारी कार्यक्रमात मोफत आहे, आपल्या महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात जाऊन विचारा. पण सकाळच्या ओपीडीला कामावर जाणारा माणूस येणार कसा, तो तेव्हा लोकलमध्ये असतो. महिन्यातला एक रविवार किंवा आठवड्यातली एक संध्याकाळ फक्त ह्या तपासणीसाठी ठेवा, एक टेबल तुर्भेच्या मार्केटमध्ये आणि एक ठाणे-वाशी लाईनच्या एखाद्या मोठ्या स्टेशनबाहेर लावा. पेपरवाल्यांनी पण ८० टेस्टच्या जाहिरातीशेजारी कधीतरी आपल्या भागातल्या आरोग्य केंद्रांचे पत्ते आणि वेळा छापाव्यात.

आणि सोसायट्यांची शिबिरं बुधवारी सकाळी अकराला घेऊ नका, तेव्हा घरात पुरुष नसतात. गणपतीत आरतीला सगळी बिल्डिंग खाली येते, बाप-मुलगा-आजोबा तिघेही एका जागी सापडतात. आमच्या सेक्टरमधल्या कुठल्याही मंडळाने मांडवात एक टेबल आणि दोन खुर्च्या द्याव्यात, मशीन आणि टेप माझी, आरतीच्या आधीचा एक तास मी बसायला तयार आहे, पैसे नकोत.

आपली नियमित वाचक,
एक लॅब टेक्निशियन, ऐरोली, नवी मुंबई