नील बेट दुपारच्या फेरीत उरकू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीतील अंदमान सहलीचा लेख वाचला. सेल्युलर जेलला निवांत वेळ दिला आहे, हे उत्तम. पण नील बेट (2018 पासून शहीद द्वीप) शेजारच्या हॅवलॉक बेटाहून परतताना एका दुपारी उरकावे, हा सल्ला काही पटला नाही.

या बेटाचा सारा कारभार भरती-ओहोटीवर चालतो. लक्ष्मणपूर किनाऱ्यावरची ती प्रसिद्ध दगडी कमान (स्थानिक बंगाली मंडळी तिला हावडा ब्रिज म्हणतात) नीट पाहायची तर ओहोटीच गाठावी लागते. ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. बोटीच्या वेळेशी ती जुळली नाही, तर लांबून फोटो काढून परतायचे! जुळली, तर कमानीपेक्षा वाटच जास्त रमवते. खडकांतल्या घोटाभर पाण्यात बोटाएवढे मासे अडकलेले असतात, काळी समुद्रकाकडी (काकडीसारखा दिसणारा मऊ समुद्री प्राणी) निपचित पडलेली असते आणि आपली सावली पडताच खेकडे कपारीत पसार होतात. इथे अर्धा तास वाकून बसावे लागते. गाइडच्या मागे धावणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

बेट जेमतेम 14 चौरस किलोमीटरचे, सायकलवर सहज फिरून होते. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी इथे शेती उभी केली. अंदमानच्या बाजारात इथली भाजी जाते. भातखाचरे आणि सुपारीच्या बागा ओलांडल्या की रस्ता थेट समुद्रावर निघतो. घड्याळ आपलेच, पण बेट पार पूर्वेला. त्यामुळे हिवाळ्यात साडेपाचच्या आत सूर्य बुडतो आणि गाव लवकर निजते. सीतापूरचा सूर्योदय पाहायचा तर मुक्काम हवाच.

लेखात एक गोष्ट राहून गेली. ओहोटीत उघड्या पडलेल्या प्रवाळावर लोक बिनदिक्कत चालतात. हा दगड नव्हे, सजीवांची वसाहत आहे. 2010 मध्ये समुद्र तापल्याने अंदमानचे प्रवाळ मोठ्या प्रमाणात पांढरे पडले होते, त्यात आपल्या चपलांची भर नको. प्रवाळाचा तुटका तुकडा आठवण म्हणून उचलून आणणे हाही वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पुढच्या लेखात हॉटेलांच्या यादीशेजारी एवढी सूचना आणि ओहोटीचे वेळापत्रक छापावे, ही विनंती.

– एक वाचक