कार्यक्रम पाहिला होता का?

मा. संपादक,
स.न.

गेल्या रविवारच्या अंकात आपण धर्मावरच्या टीव्ही-विनोदाबद्दल एक लेख छापलात. 'भावना दुखावत नाहीत, दुखावून घेतल्या जातात,' असा त्याचा एकूण सूर होता. वाक्य टाळ्या घेणारं आहे. पण मी अठरा वर्षं एका मनोरंजन वाहिनीच्या प्रेक्षक-पत्र विभागात टपाल फोडत होते. माझ्या हिशेबानं ते वाक्य बारा आणे खरं आहे. उरलेल्या चार आण्यांसाठी हे पत्र लिहिते आहे.

आधी बारा आणे. एका विनोदी कार्यक्रमात भोंदू गुरूचं प्रहसन होतं. गुरू एका हातानं आशीर्वाद देतो, दुसऱ्या हातानं नोटा मोजतो आणि मोजणी चुकली की आशीर्वादही पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. प्रक्षेपणानंतर आठवड्याभरात तीनशेच्या वर पत्रं आली. मजकूर सगळ्यांत एकच होता. इतका एकच, की पहिल्या पत्रातली 'भावणा' ही चूक शेवटच्या पत्रापर्यंत टिकून होती. एकानं 'येथे आपले नाव लिहावे' ही ओळ तशीच ठेवून खाली सही ठोकली होती. दुसऱ्यानं स्वतःच्या अक्षरात अभिमानानं जोड दिली होती, 'आमच्या घरी असले कार्यक्रम लागतच नाहीत.' मग यांचं नेमकं दुखलं कुठं, असं आम्ही टेबलावर एकमेकींना विचारत असू.

हे आमच्याकडेच घडतं असं नाही. बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीनं ८ जानेवारी २००५ रोजी 'जेरी स्प्रिंगर : द ऑपेरा' हे येशूचीही थट्टा करणारं संगीतनाटक दाखवलं. त्याविरुद्ध चाळीस हजारांहून जास्त तक्रारी आल्या त्या कार्यक्रम लागण्याच्या आधी. लंडनच्या रंगमंचावर ते २००३ पासून चालू होतं, तेव्हा त्यातल्या काहींनी पाहिलं असेलही. पण चाळीस हजार? नियामक संस्था ऑफकॉमनं पुढं मे महिन्यात नियमभंग झाला नसल्याचा निर्णय दिला.

आयर्लंडची गोष्ट तर आमच्या विभागात भिंतीवर लावावी अशी. विनोदी अभिनेते स्टीफन फ्राय यांनी २०१५ साली तिथल्या सरकारी वाहिनीवर मुलाखतीत देवाला चांगलंच फैलावर घेतलं. एका प्रेक्षकानं पोलिसांत तक्रार दिली. ईशनिंदेबद्दलच्या तिथल्या २००९ च्या कायद्यात अट अशी, की त्या धर्माच्या पुष्कळ अनुयायांमध्ये संताप उसळला असला पाहिजे. पोलिसांना २०१७ मध्ये तपास बंद करावा लागला, कारण संतापलेली माणसं पुरेशा संख्येनं सापडेनात. खुद्द तक्रारदारही म्हणाला, की माझं वैयक्तिक काही दुखावलं नाही, मी नागरिक म्हणून कर्तव्य केलं. पुढच्याच वर्षी त्या देशानं सार्वमत घेऊन राज्यघटनेतून ईशनिंदेचा उल्लेख काढून टाकला.

एवढं वाचून आपल्या लेखकमहाशयांना वाटेल, बाई आपल्याच बाजूच्या निघाल्या. थांबा.

राग येणं वेगळं आणि मन दुखणं वेगळं. ही दोन पत्रं हातात घेतल्यावर ओळखू येतात, अगदी कागदावरून. रागाच्या पत्राला कुणीतरी हवं असतं, कार्यक्रम बंद करा, अमक्याला काढा, माफी मागा. रागही खोटाच असतो असं मी म्हणत नाही. येशूच्या काळातल्या ब्रायन नावाच्या माणसावर 'लाइफ ऑफ ब्रायन' हा विनोदी चित्रपट निघाला, त्यावरून १९७९ साली बीबीसीवर एक गाजलेली चर्चा झाली होती. पत्रकार माल्कम मगरिज आणि साउथवर्कचे बिशप एका बाजूला, चित्रपटातले विनोदी नट जॉन क्लीझ आणि मायकेल पेलिन दुसऱ्या बाजूला. मगरिज यांचा संताप नाटकी मुळीच नव्हता. पण नंतर उघड झालं, की ही दोघं वडीलधारी मंडळी चित्रपटाच्या खेळाला पंधरा मिनिटं उशिरा पोचली होती. ब्रायन आणि येशू ही दोन वेगळी माणसं आहेत हे ज्या प्रसंगात स्पष्ट होतं, तोच हुकला. राग अस्सल, पण भलत्याच गोष्टीवर.

दुखलेलं पत्र मात्र असं नसतं. मला एकच नीट आठवतं.

त्याच भोंदू गुरूच्या भागात शेवटी आणखी एक तुकडा होता. एक म्हातारा प्रार्थनेला बसतो. शब्द चुकतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. परत चुकतो. तिसऱ्यांदा कवळी सटकून मांडीवर पडते, आणि मागून तो ठेवणीतला हशा. (कोणत्या धर्माची प्रार्थना ते मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की वाचक पुढचं न वाचता बाजू घेतील.) त्यावर एकच पत्र आलं, वहीच्या पानावर, पाठपोट. लिहिणारी आमची नेहमीची प्रेक्षक. गुरूच्या प्रहसनावर पोट धरून हसल्याचं तिनं पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. म्हाताऱ्यालाही ती आधी हसली. मग तिला तिचे वडील आठवले. अर्धांगवायूनंतर त्यांची जीभ वळत नसे आणि ते रोज असेच अडखळत, मागं येत, पुन्हा सुरुवात करत. शेवटचे दोन महिने प्रार्थना एकदाही पुरी झाली नव्हती. 'मी हसले याचीच मला लाज वाटली,' असं तिनं लिहिलं होतं. मागणी काहीच नव्हती. पत्र तिथंच संपलं.

दोन्ही तुकड्यांचा लेखक एकच होता आणि युक्तीही एकच, चुकणं आणि पुन्हा पहिल्यापासून. पण एकदा हसायचं होतं ते देवाच्या नावावर पैसे मोजणाऱ्याला आणि दुसऱ्यांदा ज्याच्याकडं प्रार्थनेखेरीज काही उरलेलं नाही त्याला. देवाला टोमणा मारला तर देवाचं काय जातं? मी स्वतः रोज देवापुढं बसते, तो एवढ्यातेवढ्यानं हलणारा नाही हे मला ठाऊक आहे. दुखतं ते माणसाचं, आणि बहुतेक वेळा स्वतःच्या एखाद्या माणसापायी.

आता आमच्या कार्यालयात काय झालं ते ऐका. वरिष्ठांकडे महिन्याचा तक्ता जायचा : प्रहसन, आक्षेप, संख्या. गुरूपुढं तीनशेच्या वरचा आकडा, म्हाताऱ्यापुढं एक. पुनःप्रक्षेपणातून गुरू कापला गेला. म्हातारा राहिला. त्यानंतर तो भाग किती वेळा लागला आणि ती कवळी किती वेळा पडली, कोण जाणे.

म्हणून आपल्याला विनंती, की यापुढं 'भावना दुखावल्या'ची बातमी छापताना वार्ताहराला दोनच प्रश्न विचारायला सांगा. कार्यक्रम पाहिला होता का, आणि त्यात नेमकं काय लागलं? पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं तर तसं छापा. दुसऱ्याचं उत्तर नीट आलं तर तेही छापा, मग सांगणारा एकटा का असेना.

त्या बाईला उत्तर मीच पाठवलं. आमच्याकडे छापील कार्ड असे : 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.' खाली सहीचा शिक्का. तिनं सूचना केलीच नव्हती, हे शिक्का मारताना माझ्या लक्षात आलं होतं.

आपली,
एक जुनी वाचक
(नाव छापू नये, ही विनंती)