सिल्क मार्क म्हणजे हातमाग नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लग्नसराई जवळ आली की "खरी पैठणी कशी ओळखाल" छापाचे लेख सगळीकडे सुरू होतात आणि सल्ला ठरलेला, सिल्क मार्क बघा. बघा ना, जरूर बघा, पण तो मार्क फक्त एवढंच सांगतो की धागा अस्सल रेशमाचा आहे. साडी मागावर माणसाने विणलीय की पॉवरलूमवर निघालीय, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा आहे, २००६ पासून आहे, पण तो मागितला की दुकानदार म्हणतो, अहो ताई प्युअर सिल्कच आहे की ही! प्रश्न काय, उत्तर काय.

दुसरा सल्ला, पदर उलटा करून बघा. हा पैठणीला बऱ्यापैकी लागू पडतो, कारण पारंपरिक पदरात मोर, मुनिया, कोयरी यातल्या प्रत्येक रंगाच्या धाग्याची वेगळी कांडी (छोटी नळी) असते, विणकर एक रंग संपतो तिथे तो धागा शेजारच्या रंगात अडकवून परत फिरवतो, त्यामुळे मागे लोंबते धागे राहतच नाहीत आणि दोन्ही बाजू सारख्या दिसतात. म्हणूनच तर भरगच्च पदराला महिनोन्महिने जातात. पण हीच फूटपट्टी बनारसीला लावू नका प्लीज, तिथे हातमागाच्या साडीलाही मागे धागे असू शकतात. आणि येवल्यात जॅकार्ड (नक्षी उचलणारं उपकरण) लावून हातमागावरच विणलेल्या ब्रोकेड पैठण्याही मिळतात, त्यांच्याही मागे धागे दिसतात, मग काय त्या नकली झाल्या?

पॉवरलूमवर निघणाऱ्या सेमी पैठणीवर माझा राग नाही, स्वस्त असते, छान दिसते, मीही नेसते. राग आहे तो ती हातमागाच्या भावात खपवण्यावर. पैठणीला २०१० मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ठराविक प्रकारच्या साड्या हातमागासाठी राखीव ठेवणारा कायदा तर १९८५ चा आहे, म्हणजे कागदावर सगळं आहे, पण काउंटरवर उभ्या असलेल्या बाईला त्यातलं काय कळणार? माझं म्हणणं एवढंच की रेशमी साडीच्या प्रत्येक बिलावर "हातमाग" किंवा "पॉवरलूम" यातला एक शब्द लिहिणं दुकानांना सक्तीचं करा. विणणाऱ्याचं गावही लिहिलं तर उत्तमच, पण निदान तो एक शब्द तरी लिहा, म्हणजे फसवणूक झाली तर ग्राहक आयोगात जायला हातात काहीतरी कागद असेल.

आपली,
एक नियमित वाचक